कापडाची उलटी बाजू

आपल्या घरी ट्रंकेवर अथवा दांडीवर घडी घालून ठेवलेली वाकळ आज एकदा उजेडात आणून पाहा. कानडी बोलणारे आपले शेजारी तिला कौदी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे आणि सदऱ्यांचे तुकडे एकावर एक रचून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साध्या धावदोऱ्याच्या रांगा घालून ती सिद्ध झालेली असते. त्या रांगा कोणी घातल्या असे विचाराल तर आजीचे, पणजीचे किंवा सासूबाईंचे नाव निघेल. त्या माउलीला ‘तुम्हांला भरतकाम येते का?’ असे कोणी विचारले असते, तर तोंडाला पदर लावून ‘छे, मला कुठलं येतंय?’ असेच उत्तर तिने दिले असते. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की, ज्या हाताला धावदोरा येतो त्या हाताला आपल्या भागातील सर्वांत नामांकित भरतकाम निम्मेअधिक येऊन चुकलेले असते. ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. आणि ती कळण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. आजचा लेख त्या चुकीविषयी आणि तिच्यामुळे मी शिकलेल्या टाक्यांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी नाताळसाठी वेदीवर घालावयाचे नवे वस्त्र हवे होते. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध बाई आहेत. त्यांचे नाव येथे लिहिणे त्यांना रुचणार नाही. आम्ही लहानथोर सारेच त्यांना आजी म्हणतो. तरुणपणी धारवाडकडच्या एका शेजारणीपाशी बसून त्या कसुती शिकल्या. पुढे संसाराच्या ओढीने निपाणीजवळ आल्या आणि बिड्या वळून त्यांनी मुले वाढविली. भरतकाम मात्र त्यांनी सोडले नाही. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी काम कसे करीन ते सांगितले, दिवस किती लागतील ते सांगितले आणि शेवटी रक्कम सांगितली. ती ऐकून मी चमकलो. बेळगावच्या बाजारात यंत्रावर भरलेले वस्त्र तिच्या चौथाईत मिळते, हे मला ठाऊक होते.

मी म्हणालो, “आजी, हे काही कुणाच्या लग्नातलं लुगडं नव्हे. देवाचं काम आहे. थोडं कमी करा.”

आजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग “बरं, फादर. तुम्ही म्हणशीला तसं,” एवढेच म्हणाल्या. मी निम्म्यावर सौदा ठरविला आणि चर्चचा पैसा वाचविल्याच्या समाधानात परत आलो.

नाताळच्या आदल्या दिवशी वस्त्र आले. पांढऱ्या कापडाच्या कडेने तांबड्या दोऱ्याची वेल, मध्ये क्रूस आणि क्रुसाच्या दोन्ही अंगांना लहान लहान पाळणे. पाळणा ही कसुतीतील फार जुनी आकृती आहे. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, राघू यांच्या जोडीने ती पूर्वापार काढली जाते. नाताळच्या वेदीला तिच्याहून शोभेसे दुसरे काय असणार? वेदी सजविणारी दोन मुले ते वस्त्र अंथरू लागली आणि त्यांच्यात वाद सुरू झाला: सुलटी बाजू कोणती? एकाने पाहिले, दुसऱ्याने पाहिले, शेवटी मीही चष्मा लावून पाहिले. तिघांनाही सांगता येईना. गाठ नाही, लोंबणारा दोरा नाही, ओढाताण नाही. आजींना निरोप धाडला, तेव्हा उत्तर आले, “कुठलीबी वर घाला की. दोन्ही बाजू सारख्याच हायत.”

त्या रात्री मी वस्त्राची एक कड दिव्याखाली धरून धागे मोजले. एका सेंटिमीटरला सुमारे २० धागे. एकेक टाका ४ धाग्यांचा, म्हणजे २ मिलिमीटरचा. कडेची लांबी २ मीटर. तेव्हा या कडेवर एकच सरळ रेघ काढावयाची म्हटली तरी एका बाजूला १,००० टाके दिसावयास हवेत आणि दुसऱ्या बाजूलाही १,०००. सुई २,००० वेळा कापडातून जाते तेव्हा एक रेघ पुरी होते. आजींनी तर वेल काढली होती, पाळणे काढले होते. तीन महिने, रोज दिवेलागणीनंतर दोन-अडीच तास, असा त्यांचा क्रम होता. मी ठरविलेल्या रकमेला मी त्या तासांनी भागले. जो आकडा आला तो चर्चच्या आवारातील गवत कापणाऱ्या माणसाला आपण जी मजुरी देतो, तिच्या निम्म्याहूनही कमी होता.

आकडा पाहून मी वरमलो. पण त्याहून अधिक लाज वाटली ती माझ्या शब्दांची. देवाचे नाव घेऊन मी एका कष्टकरी बाईची मजुरी कापली होती. हेच वस्त्र एखाद्या मोठ्या दुकानातून घेतले असते, तर ‘देवाचं काम आहे’ असे म्हणून दुकानदाराच्या हातावर निम्मे पैसे ठेवण्याचे धाडस मला झाले असते काय?

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी उरलेली रक्कम घेऊन मी आजींकडे गेलो. त्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळीत बसल्या होत्या. “आजी, माझा हिशोब चुकला होता,” असे म्हणून मी पैसे पुढे केले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नोटा एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, “बसा, च्या टाकते.” त्या विषयावर आमचे पुन्हा बोलणे झालेले नाही.

चहा घेता घेता मी विचारले, “दोन्ही बाजू सारख्या कशा हो येतात?”

“सांगून येतंय व्हय ते, फादर? सुई घ्या हातात.”

अशा रीतीने आमचा वर्ग सुरू झाला. रविवारी मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यात दीड तास. धर्मग्रामाने आजींना दरमहा मानधन द्यावयाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. अकरा मुली, दोन मुलगे आणि पाठीमागच्या बाकावर मी. त्या वर्गात जे शिकावयास मिळाले त्याचा सारांश पुढे देतो, म्हणजे ज्या घरी शिकविणारे कोणी नाही तेथेही आरंभ करता येईल.

साहित्य थोडकेच लागते. दुसुती किंवा मॅटीचे हातभर कापड घ्यावे. त्याचे उभे-आडवे धागे स्पष्ट मोजता येतात. दोऱ्याची लडी सहापदरी असते. तिच्यातील दोनच पदर वेगळे काढून वापरावेत. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर घ्यावा. लांब दोरा घेतला की पुनःपुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो असे वाटते. पण तो गुंततो, घासून झिजतो आणि शेवटी अधिक वेळ खातो. मोजून करावयाच्या कामास बोथट टोकाची सुई बरी, कारण ती धाग्याला भोसकत नाही, दोन धाग्यांमधून वाट काढते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे बसावे. आणि हात धुवावेत. आमच्या वर्गात हे विशेषकरून सांगावे लागते. कारण तंबाखूचा डाग पांढऱ्या कापडावरून सहजासहजी निघत नाही.

आता टाके. पहिला धावदोरा. सुई वर काढावी, चार धागे ओलांडून खाली घालावी, खालून चार धागे ओलांडून पुन्हा वर काढावी. वर जेवढा टाका, खाली तेवढीच मोकळी जागा. वाकळीतला टाका तो हाच. दुसरा उलटा टाका, ज्याला बखियाही म्हणतात: सुई एक पाऊल मागे जाऊन खाली उतरते आणि दोन पावले पुढे जाऊन वर येते. त्यामुळे वरच्या बाजूला अखंड रेघ दिसते. खालच्या बाजूला मात्र दोरा दुहेरी पडून जाड होतो. शिवणीच्या बळकटीसाठी हा उत्तम. तिसरा दांडी टाका, फुलांच्या देठांसाठी: टाके किंचित तिरपे घालावयाचे आणि दोरा नेहमी सुईच्या एकाच अंगाला ठेवावयाचा. अंग बदलले की पीळ मोडतो.

चौथा साखळी टाका. दोऱ्याचा फासा डाव्या अंगठ्याखाली धरावयाचा आणि सुई त्या फाशाच्या आत वर काढावयाची. पहिल्या कडीत दुसरी, दुसरीत तिसरी. हा टाका मुलांना फार आवडतो, कारण तो लवकर भरतो. परंतु शेवटच्या कडीवर एक बारीक टाका घालून तिला जखडले नाही, तर टोक ओढताच सारी साखळी सरसर उसवते. आमच्यातल्या एका मुलाची दीड वीत साखळी अशीच गेली. तेव्हापासून तो शेवटचा टाका सर्वांच्या आधी घालू पाहतो! पाचवा काज टाका, कापडाची कड बांधून घेण्यासाठी. सहावा फुली टाका: दोन तिरप्या टाक्यांची फुली. हिच्यात एकच पथ्य आहे, ते असे की सर्व फुल्यांचा वरचा हात एकाच दिशेस कलला पाहिजे. सातवा भरीव टाका, ज्याने पान किंवा पाकळी काठोकाठ भरून काढतात.

हे सात टाके आले की उशीचा अभ्रा, टेबलावरचे कापड, बाळाचे झबले आणि टोपडे एवढे काम घरच्या घरी होते. परंतु ही सर्व कामे उलटून पाहिली तर मागच्या बाजूला गाठी, वळसे आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या उड्या दिसतात. आजींच्या वस्त्रात ते काही नव्हते. ते कसे, हे समजण्यास कसुतीकडे वळले पाहिजे.

कसुती ही धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर या मुलखाची कला. कै म्हणजे हात आणि सूती म्हणजे सूत, अशी या नावाची फोड कानडी मंडळी सांगतात. इरकली लुगड्याचा टोपपदर आणि खणाची चोळी आपल्या आयाबहिणींच्या परिचयाची आहे. त्या पदरावर आणि त्या चोळीवर शोभणारे भरतकाम ते हेच. नवरीच्या काळ्या चंद्रकळेवर कसुती असणे हे पूर्वी घरंदाजपणाचे लक्षण समजले जाई. या शतकाच्या पहिल्या दशकात कसुतीला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे या नावावर या प्रदेशाचा हक्क कायद्याने मान्य झाला. या कामात कापडावर पेन्सिलीने आकृती रेखाटीत नाहीत, छापही मारीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजावयाचे आणि त्या मोजणीवर रथ, मोर, पाळणा उभा करावयाचा.

कसुतीचे टाके चार. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुली टाका. मेथीच्या दाण्यांसारखा दिसतो म्हणून हे नाव. नेगी हे नाव विणण्यावरून आले. लहानमोठे धावदोरे एकाखाली एक असे घालतात की आकृती मागावर विणल्यासारखी दिसते. या दोन प्रकारांत कापडाच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिसतात. गवंती आणि मुरगी यांत मात्र दोन्ही बाजू एकसारख्या. आणि मौज अशी की, हे दोन्ही प्रकार केवळ धावदोऱ्याचे आहेत, वाकळीतल्याच धावदोऱ्याचे! गवंती सरळ, आडवी किंवा तिरपी रेघ काढते. मुरगी जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळत जाते.

युक्ती एवढीच: सुई गेली त्या वाटेने परत आणावयाची. जाताना एक टाका वर, एक टाका खाली. टोकाला पोचल्यावर सुई फिरवावी आणि त्याच छिद्रांतून परत यावे. आता जेथे वर मोकळी जागा होती तेथे टाका पडतो आणि जेथे खाली मोकळी जागा होती तेथेही पडतो. आरंभास परत येता तेव्हा वर अखंड रेघ आणि खालीही अखंड रेघ. जाताना काम अर्धेमुर्धे, तुटक दिसते. आमच्या वर्गातील एका मुलीने पहिल्या दिवशी निम्म्यावरच सुई खाली ठेवली आणि रडवेली होऊन म्हणाली, “आजी, माझं सगळं फाटकंच दिसतंय.” आजी म्हणाल्या, “अजून परत कुठं आलीयास तू?”

मग फांद्या कशा काढावयाच्या? पाळण्याला दोऱ्या असतात, वेलीला पाने असतात. याचेही उत्तर सोपे आहे. मुख्य वाटेने जाताना फाटा लागला की तेथेच वळावे, फाट्याच्या टोकापर्यंत जावे आणि त्याच पावली फाट्याच्या तोंडाशी परत येऊन मुख्य वाट धरावी. फाट्यावर जेवढे टाके जाताना, तेवढेच येताना; म्हणून त्यांची एकूण संख्या नेहमी सम राहते आणि मुख्य वाटेवरचा वर-खाली हा क्रम मोडत नाही. आकृतीचे सर्व भाग एकमेकांस जोडलेले असतील तर ती कितीही गुंतागुंतीची असो, अशा रीतीने सर्व वाटा दोनदा चालून सुई जेथून निघाली तेथेच परत येते. आजी शाळेत फार शिकल्या नाहीत. पण हे गणित त्यांच्या बोटांत आहे. गाठ मारावयाची नाही. आरंभी दोऱ्याचे टोक थोडे मोकळे सोडावे आणि परतीच्या टाक्यांत ते गुंतवून टाकावे.

या कामात चूक लपत नाही. एक धागा कमी मोजला तर त्या क्षणी काही कळत नाही. वीसपंचवीस टाक्यांनंतर पाळण्याची दुसरी बाजू पहिलीशी जुळत नाही, तेव्हा कळते. मग उसवावे लागते. सुईच्या नेढ्याकडच्या टोकाने एकेक टाका उचलून, चुकलेल्या जागेपर्यंत मागे यावे लागते. उसवणे म्हणजे शिक्षा असे मुलांना वाटते. आजींची समजूत निराळी आहे. बिडीची मजुरी हजारावर मिळते आणि वाईट वळलेली बिडी छाट म्हणून बाजूला पडते, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक. त्या मुलांना म्हणतात, “बिडी छाट झाली की पैसं गेलं. टाका छाट झाला तर उसवून पुन्यांदा घालता येतोय. हे काम बरं न्हवं?”

हा टाका केवळ आपल्याच मुलखात आहे असे मात्र नव्हे. सोळाव्या शतकात युरोपात पांढऱ्या कापडावर काळ्या रेशमाने गळपट्ट्यांवर आणि बाह्यांच्या टोकांवर अशीच नक्षी भरीत असत. बाहीचे टोक हात हलविताच दोन्ही अंगांनी दिसते. म्हणून तेथेही दोन्ही बाजू सारख्या असणे आवश्यक होते. हान्स होल्बाईन या जर्मन चित्रकाराने इंग्लंडमध्ये जी व्यक्तिचित्रे रंगविली, त्यांत ही नक्षी टाक्यान् टाका मोजता येईल इतक्या काळजीने उतरविली. पुढे त्या टाक्याला त्याचेच नाव पडले, आणि आजही जगभर तो होल्बाईनचा टाका म्हणून ओळखला जातो. संत थॉमस मूर यांचे १५२७ सालचे प्रसिद्ध चित्र काढणारा चित्रकार तो हाच. होल्बाईन १५४३ साली वारला. लंडनच्या दरबारी बायांची बाही आणि आपल्या आजीबाईंचा टोपपदर हे दोन्ही एकाच धावदोऱ्याच्या जाण्या-येण्याने झालेले आहेत, हे कळले तेव्हा आमच्या व्हरांड्यातील मुली आपल्या कापडाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागल्या.

मग यंत्राचे काय? यंत्रास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी भरतकामाचे असे यंत्र रचले की ज्यात सुईचा दोरा वरून आणि होडीच्या आकाराच्या धोट्याचा दोरा खालून येतो, आणि दोन्ही एकमेकांत अडकून टाका होतो. आजच्या यंत्रांतही वरचा दोरा वेगळा आणि खालचा वेगळा असतो. यंत्रामुळे गरिबाच्या मुलीच्या परकरावरही फूल आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु हातचे म्हणून यंत्राचे काम गळ्यात मारले जाऊ नये आणि यंत्राच्या भावात हातचे काम मागितले जाऊ नये. यासाठी कापड उलटून पाहावे. यंत्रकामाच्या पाठीमागे बहुधा पांढऱ्या दोऱ्याचे दाट जाळे आणि कडेला चिकटविलेल्या अस्तराचे कापलेले तुकडे दिसतात. हाताच्या गवंतीत मागेही तोच रंग, तीच रेघ, तोच पाळणा असतो.

सुईच्या कामाने घर चालविणाऱ्या एका संत माउलीची येथे आठवण होते. लिझ्यूच्या संत तेरेजाची आई झेली मार्टिन ही फ्रान्समधील आलाँसाँ गावची. त्या गावची सुईने विणलेली लेस जगप्रसिद्ध; इतकी की २०१० साली युनेस्कोने त्या कलेची आपल्या यादीत नोंद केली. त्या लेसचा लहानसा तुकडाही अनेक बायांच्या हातांतून जातो. एकीने एक टाका घालावा, दुसरीने दुसरा. झेलीने लग्नापूर्वीच हा व्यवसाय सुरू केला होता. बाया घरी तुकडे करून आणीत आणि ती ते जोडीत असे. जोड कोठे आहे हे डोळ्यांस दिसू नये, हेच त्या कामाचे कसब. तिचे यजमान लुई हे घड्याळजी. १८७० साली त्यांनी आपले दुकान सोडून पत्नीच्या धंद्याचा कारभार हाती घेतला. नऊ मुले झाली, त्यांतील चार लहानपणीच गेली. झेली १८७७ साली कर्करोगाने वारली तेव्हा धाकटी तेरेजा अवघी चार वर्षांची होती. २०१५ सालच्या १८ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नीस एकाच वेळी संतपद दिले. हिशोबाच्या वह्या, गिऱ्हाइकांचे तगादे आणि दिव्याखाली शिणलेले डोळे, हे सारे तिने भोगले होते. ‘देवाचं काम आहे, थोडं कमी करा’ असे तिला कोणी म्हटले असते तर तिने काय उत्तर दिले असते, हा विचार माझ्या मनात कित्येकदा येऊन जातो.

आपल्या खेड्यांत आजही अशा किती तरी बाया आहेत. कोणी झबली शिवते, कोणी वाकळा घालते, कोणी लग्नाच्या रुखवतासाठी तोरणे आणि रुमाल भरते. ‘बसल्या बसल्या तर करतेस,’ असे म्हणून आपण तिच्या श्रमास मोल नाकारतो. ‘आपल्यातलीच आहेस,’ असे म्हणून पैसे कमी देतो. आणि आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी देवाचे नाव असतेच. कामाचा मोबदला ठरविताना दोन गोष्टी विचाराव्यात: किती तास लागतील, आणि तेवढ्याच तासांना शेतावर जाणाऱ्या बाईस काय मिळते? त्याहून कमी देणार असाल तर काम सांगूच नये. प्रेमाने फुकट करून देणारी देईल; पण ते देणे तिच्या मनचे असावे, आपण मागून घेतलेले नसावे. मुलीस भरतकाम शिकवाल तेव्हा तास मोजावयासही शिकवा. एका वहीत तारीख, वेळ आणि दोऱ्याचा खर्च लिहून ठेवण्याची सवय लागली, तर पुढे तिला आपला भाव सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्याचा अभ्यास देतो. वीतभर दुसुतीवर चार-चार धाग्यांचा धावदोरा घालून एक रेघ न्यावी आणि त्याच वाटेने परत आणावी. कापड उलटून पाहावे. दोन्ही बाजू जुळल्या तर दुसऱ्या रेघेस मध्येच एक फाटा काढावा. नाही जुळल्या तर उसवून पुन्हा करावे. तिसऱ्या दिवशी जिन्यासारखी मुरगी काढून पाहावी. घरातील मुलांनाही बसवावे. सुईला मुलगा-मुलगी कळत नाही, आणि तुटलेले बटण प्रत्येकाच्याच सदऱ्याचे असते. आजी जवळ असतील तर त्यांच्या वाकळीवरूनच शिकावे.

माझी प्रगती विचाराल तर सांगण्यासारखी थोडीच आहे. एका रुमालावर मी पाळणा काढावयास घेतला. त्याची एक दांडी एका धाग्याने वाकडी गेली. दिसत नाही, असे मी म्हणालो. आजींनी रुमाल उलटा केला आणि बोट ठेवले. सध्या तोच पाळणा तिसऱ्यांदा काढीत आहे.

आणि ते वेदीवरील वस्त्र? दर नाताळला आम्ही त्याची बाजू पालटून घालतो. आतापर्यंत अनेक धुण्यांत ते निघाले. तांबडा रंग थोडा उतरला आहे. पण दोन्ही बाजूंचा सारखाच.